आधी घ्या

मुख्य न्यायमूर्तींच्या दालनाबाहेर एक लहानशी खोली होती. खिडकी एकच, तीही मागच्या पार्किंगकडे उघडणारी. त्या खोलीत ज्या बाई वर्षानुवर्षं बसल्या त्यांना सगळं कोर्ट 'कुलूपबाई' म्हणायचं. तोंडावर नाही अर्थात. पण त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. मी शेजारच्या खोलीत अनुवादक होते. मधली भिंत प्लायवूडची. त्यांचा कीबोर्ड, त्यांचा खोकला आणि मुख्य म्हणजे त्यांचं 'नाही' मला दिवसभर ऐकू यायचं.

'नाही' म्हणणं हेच त्यांचं निम्मं काम होतं. कोर्टात कुठलं प्रकरण कोणत्या न्यायमूर्तींपुढे जायचं, आज लागायचं की सहा महिन्यांनी, हे ठरवण्याचा अधिकार एकट्या मुख्य न्यायमूर्तींचा. निकाल देताना सगळे सारखे. मुख्य म्हणून त्यांच्या मताला गुंजभरही जास्त वजन नाही. पण कुणाच्या पानात काय वाढायचं ते ठरवणारा हात एकच. दुसऱ्या एखाद्या न्यायमूर्तींना एखादं प्रकरण कितीही ऐकावंसं वाटलं तरी ते आपणहून ओढून घेता येत नसे. अधूनमधून साहेब नवी वाटणी करायचे. जमिनीचे दावे या बेंचपुढे, नोकरीचे त्या, फौजदारी तिसऱ्या. ती वाटणी बाई टाइप करायच्या, आणि फलकावर लागेपर्यंत ती त्या दोघांशिवाय कुणाला कळायची नाही. वकील लोक मात्र त्या आठवड्यात मुंग्या गुळाभोवती फिराव्यात तसे त्या खोलीभोवती फिरायचे.

एकदा 'तोफ' म्हणून प्रसिद्ध असलेले एक बडे वकील दारात येऊन उभे राहिले.

"बाई, चष्मा नवा दिसतोय. शोभतो."

"जुनाच आहे. पुसलाय."

"बरं, नोकरीची प्रकरणं पुढच्या आठवड्यापासून कुणाकडे चाललीत म्हणे?"

"ज्यांच्याकडे जातील त्यांच्याकडे."

तोफ न उडताच परत गेली. मी भिंतीपलीकडे तोंडावर रुमाल धरून हसत होते.

बाईंनी लग्न केलं नव्हतं. आई लवकर गेली तेव्हा त्या इतक्या लहान होत्या की आईचा चेहरा त्यांना फोटोतूनच माहीत. त्यांना वाढवलं बाराएक वर्षांनी मोठ्या असलेल्या ताईने. ताईचं लग्न ठरलं तेव्हा तिने नवऱ्याला आधीच सांगितलं होतं, "धाकटी माझ्याबरोबर येणार." त्यावर तो म्हणाला होता, "मग घर शाळेच्या जवळ बघू." हे दाजी. ताईला पुढे मूल झालं नाही. त्यामुळे घरात लाडाचं, रागाचं, परीक्षेच्या काळजीचं जे काही असायचं ते सगळं बाईंच्याच वाट्याला आलं. टायपिंगच्या क्लासला त्यांना पहिल्या दिवशी सायकलवरून सोडायला दाजीच गेले होते.

दाजी पाणीपुरवठा खात्यात होते. गावाबाहेरच्या पंपघरात पंप चालू-बंद करायचे, पाण्याचा दाब बघायचा, मोठे व्हॉल्व्ह फिरवायचे, हे त्यांचं काम. निवृत्तीला थोडी वर्षं राहिली असताना एका पहाटे मुख्य जलवाहिनी फुटली. खालच्या वस्तीत कमरेएवढं पाणी शिरलं, एका शाळेची भिंत पडली. जीव कुणाचा गेला नाही, पण वर्तमानपत्रांत फोटो आले आणि खात्याला कुणाचं तरी डोकं हवं होतं. चौकशीत लिहिलं गेलं, 'कर्मचारी कर्तव्यावर झोपलेला होता.' दाजींना काढून टाकलं.

कामगार न्यायालयात दाजी जिंकले. पण खात्याने मोठ्या कोर्टात, म्हणजे आमच्याच कोर्टात, अपील ठोकलं आणि खालच्या निकालाला स्थगिती मिळवली. मग ते अपील तिथे पडून राहिलं. सुरुवातीला अधूनमधून बोर्डावर लागायचं, म्हणजे त्या दिवशी ऐकायच्या प्रकरणांच्या यादीत यायचं. पण इतकं खाली असायचं की तिथवर पोहोचेपर्यंत कोर्ट उठायचं. नंतर तर लागायचंच बंद झालं.

दाजी तसे विनोदी माणूस. पण एका गोष्टीने ते आतून पोखरले गेले. गल्लीतला न्हावी दाढी करताना म्हणायचा, "काय दाजी, झोप झाली का?" त्याच्या मनात काही नसायचं, सहज म्हणायचा. दाजी हसायचे. मग त्यांनी घरीच दाढी करायला सुरुवात केली. दुपारची डुलकी तर त्यांनी कायमची सोडली. डोळे मिटायला लागले की उठून फेऱ्या मारायचे. घरात, आपल्याच खुर्चीत बसून, कुणी बघायला नसताना.

मग त्यांची किडनी बिघडली.

ताई बाईंकडे आली ती रविवारी दुपारी. दोघी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसल्या. हे सगळं बाईंनी मला फार नंतर सांगितलं, पण सांगताना शब्द नि शब्द असा सांगितला की मी तिथेच बसले होते असं वाटावं.

"तुझ्या साहेबांच्या कानावर घाल ना एकदा," ताई म्हणाली.

"ताई, ते होणार नाही."

"आमच्या बाजूने निकाल लावा, असं कुठे म्हणतेय मी? नुसतं ऐका म्हणावं. हरलो तरी चालेल. त्यांना एकदा कुणीतरी सांगायला हवं, झोपला होतास किंवा नव्हतास. मधेच लटकून नाही गं मरता येत माणसाला."

"कुणाचं कधी ऐकायचं हीच तर तिथली सगळ्यात नाजूक गोष्ट आहे. मी तोंड उघडलं तर माझ्यात आणि कोर्टाबाहेरच्या दलालांत फरक काय राहिला?"

मग ताई म्हणाली, "बरं, दुसरा काही मार्ग? सरळ, रीतसर?"

बाई उठल्या, ओटा पुसायला लागल्या. म्हणाल्या, "ते वकिलांना विचार."

वाक्य काही चुकीचं नव्हतं. पण ड्रॉवर धाडकन बंद करावा तशा आवाजात त्यांनी ते म्हटलं होतं.

मार्ग होता. रोज सकाळी, कोर्टाचं काम सुरू व्हायच्या आधी, वकील मुख्य न्यायमूर्तींपुढे उभे राहून तातडीची विनंती करू शकत. लेखी अर्ज, आजारपण असेल तर डॉक्टरांचा दाखला, बस्स. दुपारी चारच्या सुमाराला ते अर्ज बाईंच्या हातून साहेबांच्या टेबलावर जात. साहेब एकेक वाचायचे आणि समासात दोनपैकी एक शेरा लिहायचे, 'क्रमाने' किंवा 'आधी घ्या'. माणूस खरोखर आजारी असेल आणि प्रकरण जुनं असेल, तर शेरा बहुतेक वेळा 'आधी घ्या' असायचा. यात गुपित काही नव्हतं. नियमांच्या पुस्तकात छापलेलं होतं. पण नियमांची पुस्तकं वाचतो कोण?

ताईने वकिलांना विचारलं. कामगार संघटनेने दिलेले वकील होते ते, थकलेले, पन्नास प्रकरणांचा भारा डोक्यावर. ते म्हणाले, "नंबर लागेल तेव्हा लागेल हो. आणि तुमची सख्खी बहीण साहेबांच्या दाराशी बसते. काही मार्ग असता तर तिने सांगितला नसता का?"

ताईला ते पटलं. कुणालाही पटलं असतं. घरात डॉक्टर असताना माणूस शेजाऱ्याला औषध विचारत नाही. दुसरा वकील बघावा असं एका भाच्याने सुचवलं, तेव्हा दाजीच म्हणाले, "नको. आपलं माणूस तिथे आहे. ती गप्प आहे म्हणजे करण्यासारखं काही नसणार."

त्याच सुमाराला एका बस कंडक्टरचा अर्ज आला. फुप्फुसाचा आजार, नोकरीचंच प्रकरण, दाजींच्या नंतर दाखल झालेलं. साहेबांनी 'आधी घ्या' लिहिलं. बाई तो कागद घेऊन लिफ्टने खाली रजिस्ट्रारकडे गेल्या, आणि परत येताना ठरवून आल्या की आता ताईला फोन करायचा. फोन उचललाही. तेवढ्यात बाहेर कॉरिडॉरमध्ये दोन वकील कशावरून तरी मोठ्याने हसले. त्या हसण्याचा बाईंशी काडीचाही संबंध नव्हता. पण त्यांना वाटलं, उद्या दाजींचा अर्ज याच दारातून आत जाईल आणि हेच लोक म्हणतील, कुलपाला घरची किल्ली बरोबर लागते. त्यांनी फोन खाली ठेवला.

"माझं नाव जाईल, एवढंच मनात आलं," त्या मला म्हणाल्या होत्या. "आणि तिकडे तो माणूस आपलं गेलेलं नाव परत मिळावं म्हणून जीव धरून होता. हे दोन्ही मला एकाच वेळी दिसलं नाही. कसं दिसलं नाही, देव जाणे."

हॉस्पिटलात त्या रोज संध्याकाळी जायच्या. दाजी थट्टा करायचे. "काय मेहुणीबाई, आमचा नंबर तुमच्याकडे आधी लागतोय की वर?" बाई उशी सारखी करायच्या, पाणी द्यायच्या. शेवटी शेवटी थट्टा बंद झाली. एकदा ताई औषधं आणायला खाली गेली असताना ते डोळे उघडून म्हणाले, "मी झोपलो नव्हतो गं. व्हॉल्व्ह अडकला होता. दोन्ही हातांनी ओढत होतो मी."

"माहीत आहे दाजी."

"तुला माहीत असून काय उपयोग?" ते म्हणाले. रागाने नाही, खरोखरच विचारल्यासारखं.

ते गेले तेव्हा भर दुपार होती. बाई ऑफिसात होत्या.

रजा संपवून त्या कामावर आल्या तेव्हा साहेबांनी आत बोलावलं. साहेब मितभाषी. कुणाची घरगुती चौकशी त्यांनी कधी केली नव्हती.

"कोण गेलं?"

"बहिणीचे यजमान."

"आजारी होते?"

"हो. त्यांचं प्रकरण होतं इथे. बरीच वर्षं." बाईंना ते का बोलावंसं वाटलं, त्यांनाही सांगता आलं नाही.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "तातडीचा अर्ज आला होता?"

"नाही."

"वकील नव्हता?"

"होता."

साहेब म्हणाले, "नात्यातलं म्हणून तुम्हाला संकोच वाटला असेल. पण अर्ज आला असता, तर मी तुम्हाला त्या कागदापासून लांब ठेवलं असतं. रजिस्ट्रारने तो थेट माझ्याकडे आणला असता. दोन ओळींचं काम होतं, बाई. हा अधिकार मला दिलाय तो कशासाठी? अशांसाठीच ना?"

बाई खाली बघत उभ्या.

"तुम्हाला हे माहीत होतं."

"हो साहेब."

साहेबांनी पेन पुन्हा उचललं. "पत्र घ्या," म्हणाले आणि मजकूर सांगायला लागले. त्या दिवशी बाईंनी टाइप केलेलं पत्र आयुष्यात पहिल्यांदा दुरुस्तीला परत आलं. साहेब रागावले असते तर बरं झालं असतं, असं त्या म्हणायच्या. रागावले असते तर निदान स्वतःची बाजू तरी मनातल्या मनात मांडता आली असती.

काही महिन्यांनी साहेबांनी नवी वाटणी सांगितली. त्यात एक नवं कलम होतं. साठीच्या पुढच्या माणसांची जुनी प्रकरणं वेगळी काढायची आणि एका बेंचने दुसरं काहीही न घेता रोज तीच ऐकायची. पक्षकार मधल्या काळात वारला असेल तर त्याच्या वारसांची प्रकरणंही त्यातच. साहेबांना हे दाजींवरून सुचलं की आधीपासून डोक्यात होतं, ते कधी कळलं नाही. नेहमीच्याच एकसुरी आवाजात त्यांनी ते सांगितलं आणि बाईंनी ते टाइप केलं. त्या वेळी भिंतीपलीकडून मला कीबोर्ड बराच वेळ थांबलेला ऐकू आला होता.

त्या बेंचपुढे दाजींचं प्रकरण लागलं. दाजींच्या जागी आता ताईचं नाव.

मी गेले होते ऐकायला. बाई आल्या नाहीत. "मी तिथे दिसले तर लोक काय म्हणतील," म्हणाल्या. अजूनही. ताई शेवटच्या बाकावर बसली होती, हातातली पिशवी मांडीवर घट्ट धरून. दार वाजलं की मान वळवून बघायची.

खात्याच्या वकिलांनी 'झोपलेला होता' हे पुन्हा वाचून दाखवलं. न्यायमूर्तींनी विचारलं, "कुणी पाहिलं झोपलेलं?" वकिलांनी कागद उलटेपालटे केले. पाहिलेलं कुणीच नव्हतं. व्हॉल्व्ह जड चालतो, दुरुस्ती करा, असं दाजींनी खात्याला आधीच लिहून कळवलं होतं, आणि ते चौकशीच्याच कागदांत होतं. न्यायमूर्ती म्हणाले, "म्हणजे झोपलं होतं ते खातं. माणूस जागाच होता." कोर्टात हसू फुटलं. ताई हसली नाही. अपील फेटाळलं गेलं. पुढचं प्रकरण पुकारलं तेव्हा ताईला बाकावरून उठायला हवं हे कुणीतरी सांगावं लागलं. सगळं मिळून एका चहाइतकाही वेळ लागला नव्हता.

मी वर येऊन बाईंना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "ताई एकटीच होती?"

"हो."

त्यांनी मान हलवली आणि खिडकीतून पार्किंगकडे बघत राहिल्या.

निकालाची प्रत घेऊन त्या स्वतः ताईकडे गेल्या. ताईचा चष्मा फुटला होता, म्हणून तिने वाचायला सांगितलं. 'कर्मचाऱ्याकडून कोणताही हलगर्जीपणा झाल्याचे दिसून येत नाही,' या वाक्याशी ताई म्हणाली, "पुन्हा वाच." बाईंनी पुन्हा वाचलं. ताईने तिसऱ्यांदा सांगितलं नाही. म्हणाली, "हे त्यांना ऐकायचं होतं. मला काय, मला माहीतच होतं."

तेव्हा बाईंनी सगळं सांगून टाकलं. अर्ज, दाखला, बस कंडक्टर, उचललेला फोन. ताई दोरीवरचे वाळलेले कपडे आणून घड्या घालत बसली. शेवटी एवढंच म्हणाली, "मी तुला रीतसर मार्गच विचारला होता."

"हो."

"वशिला नव्हता मागितला."

"नाही."

"मग ठीक आहे," ताई म्हणाली आणि घड्या कपाटात ठेवायला आत गेली. परत आली ती बऱ्याच वेळाने. बाई तोवर तशाच बसून होत्या.

भांडण झालं नाही. बोलणं थांबलं नाही. रविवारी बाई जातच राहिल्या. फरक एवढाच पडला की पूर्वी ताई काही न विचारता चहाचा कप समोर आणून ठेवायची, आता विचारायची, "चहा घेणार का?" आणि कप काचेच्या कपाटातले काढायची, पाहुण्यांचे. बाईंनी एकदा उठून स्वतःच चहा टाकायचा प्रयत्न केला. ताई म्हणाली, "राहू दे, तू कशाला?" इतक्या गोड आवाजात म्हणाली की बाई परत येऊन बसल्या.

ऑफिसात बाई बदलल्या. म्हणजे वाटणी फुटली नाहीच, ती शेवटपर्यंत फुटली नाही. पण दाराशी कुणी गोंधळलेलं माणूस आलं, की त्या पूर्वीसारखं 'नाही' म्हणून मान खाली घालेनात. "आजारी कोण आहे? दाखला आहे? मग वकिलांना सांगा, लेखी अर्ज करा, उद्या सकाळी कोर्ट बसायच्या आधी उभे राहा." मोठ्याने सांगायच्या, कॉरिडॉरला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. एका वकिलाने तक्रार केली की साहेबांच्या ऑफिसातून फुकट सल्ले मिळतात. तोवर साहेब बदलले होते. नव्या साहेबांनी विचारलं तेव्हा बाईंनी नियमांचं पुस्तक उघडून पुढे ठेवलं. त्यांनी हसून सोडून दिलं. नाव मात्र 'कुलूपबाई' तेच राहिलं. अशी नावं माणसाबरोबर बदलत नाहीत.

अर्जवाल्यांपैकी काहींचा नंबर वेळेत लागला. एक म्हातारा पेढे नाही, फुलं नाही, नुसताच सांगायला आला होता की जिंकलो. बाई त्याला "बरं झालं" म्हणाल्या. तो गेल्यावर मी भिंतीपलीकडून म्हटलं, "बघा, पुण्य लागलं." पलीकडे कीबोर्ड सुरू झाला. मी तो विषय पुन्हा काढला नाही.

निवृत्तीच्या दिवशी वरच्या हॉलमध्ये छोटा निरोपसमारंभ होता. बाईंनी ताईला चार दिवस आधी जाऊन बोलावलं होतं. पहिल्या रांगेतल्या एका खुर्चीवर त्यांनी आपली पर्स ठेवली होती. भाषणं झाली. तोफेने फारच सुंदर भाषण केलं. बाईंच्या सचोटीचे दाखले दिले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाई पहिल्यांदा पर्सकडे आणि मग खाली जमिनीकडे बघत राहिल्या.

संपल्यावर मी त्यांच्याबरोबर जिना उतरले. लिफ्ट नको म्हणाल्या. त्यांच्या हातात पुष्पगुच्छ होता, तो कसा धरावा हे त्यांना कळत नव्हतं. मी न विचारताच त्या म्हणाल्या, "सकाळी ताईचा फोन आला होता. गुडघे धरलेत, जिने चढवणार नाहीत म्हणाली."

"लिफ्ट आहे की आपल्याकडे," असं माझ्या तोंडून निघून गेलं.

बाई मधल्या पायरीवर थांबल्या. "नाही हो," म्हणाल्या, "दुखतात तिचे गुडघे. खरंच दुखतात."